निमगावात शिवलेल्या सेमिनोल पर्सा

शिवणक्लासात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साचतातच. चिंध्या आणि किस्से! चिंध्या निदान गोधडीत जातात. किस्से कुठं घालायचे? निमगाव केतकीतला आमचा क्लास बंद होऊनही आता काही वर्षं झाली. शकुंतलाबाई, म्हणजे आमच्या शिक्षिका, मुलाकडे पुण्याला गेल्या. मी बारामतीला आले. पण मशीनवर बसलं की अजून एकेक आठवतं आणि मी एकटीच हसते.

*

एकदा बाईंनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. "अमेरिकेत सेमिनोल नावाचे आदिवासी आहेत. त्यांच्या बायकांची ही कला. आपण अशी छोटी पर्स शिवायची!"

रंगीत कापडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना जोडायच्या. त्या जोडाचे आडवे तुकडे कापायचे. मग प्रत्येक तुकडा एक घर खाली सरकवून परत शिवायचा. चौकटी तिरक्या होतात आणि शंकरपाळ्यांची रांग तयार!

आमच्यातल्या कमलमावशींची उसाची शेती. त्यांनी सगळं शांतपणे बघितलं. "आदी जोडायचं, मग कापायचं, मग परत जोडायचं? ह्यापरीस भावकीच्या वाटण्या बऱ्या की! एकदा कापलं की परत जोडायचा ताप न्हाय!"

*

मावशींचे मालक म्हणजे तात्या. "कुठं निघालीस?" असं त्यांनी विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "शेमिनोलला."

तात्यांनी ऐकलं सेमिनारला! मग काय, चौकात भेटेल त्याला सांगत सुटले, "आमच्या मंडळींचं सेमिनार चालू हाय." सेमिनारवाल्या बाईला चहा कसा सांगायचा, म्हणून स्वतःच करून प्यायला लागले. मावशींनाही कप मिळायला लागला.

मावशींनी आम्हाला बजावलं, "खरं काय ते त्यांला कुणी सांगू नगा. चहा बरा करत्यात!"

*

त्याच तात्यांचा सोसायटीत सत्कार झाला होता, तेव्हाचा गुलाबी फेटा कपाटात पडून होता. मावशींना नेमकी गुलाबी पट्टी कमी पडली!

पुढं एका लग्नात मावशी पर्स अडकवून मिरवत होत्या. तात्या बराच वेळ पर्सकडे बघत राहिले. "ह्यो रंग कुठंतरी बघितल्यावानी वाटतोय."

"तुमच्या सत्कारातला हाय," मावशी म्हणाल्या. "तुमी एक दिस डोक्यावर घेतला. मी रोज खांद्यावर घेती!"

*

माझी पहिली पर्स. शंकरपाळ्या अशा सरळ जुळल्या, की त्या आनंदात मी चारही बाजू शिवून टाकल्या! चेन लावायला तोंडच ठेवलं नव्हतं.

बाईंनी पर्स उलटीसुलटी करून बघितली, हातानं दाबून बघितली. "फिनिशिंग छान आलंय हं. आता कापूस भर आणि झोप!"

*

सुमनताई इंदापूरला शाळेत शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी क्लासला यायच्या. त्यांच्या आईला सगळं गाव आक्का म्हणायचं. आक्कांची विहारात जायची एक पांढरी साडी विरली होती. ताईंनी तिच्या पट्ट्या काढल्या, मधे निळ्या पट्ट्या घातल्या आणि आईसाठी पर्स शिवली. आमच्या क्लासातली सगळ्यात देखणी पर्स तीच.

आक्का ती कुठंही न्यायच्या. विहारात, बारशाला, दवाखान्यात. पट्टा मनगटाला गुंडाळलेला, मान ताठ.

एकदा आम्ही तिघी इंदापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो. ताई म्हणाल्या, "आक्का, माझा चष्मा ठेव गं तुझ्या पर्समध्ये."

"न्हाय," म्हणून आक्कांनी पर्स छातीशी धरली.

ताईंनी हसत हसत चेन ओढली. आत काहीच नव्हतं. किल्ली, तंबाखू, सुट्टे पैसे, सगळं पदराच्या गाठीला!

"अगं, मग ही रोज कशाला नेतीस?"

आक्कांनी चेन लावली. पर्सवरून हात फिरवला.

"सुमन, लोकाच्या उसाच्या मोळ्या वाहिल्या, पाणी वाहिलं, तुला काखंत घिऊन सरपन वाहिलं. जलमभर हातात वझंच व्हतं. आता रिकामं काय तरी घिऊन चालू दे की मला!"