तहानेचा उद्गार

आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या त्या वर्षी निजामपुऱ्यातल्या आमच्या पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नसे. शेजारच्या कापड विणायच्या लूमची खडखड भिंतीतून यायची आणि आई एकच बोलायची, "अगं, घोटभर पाणी दे." पण डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेलं. जास्त झालं की तिला धाप लागायची. म्हणून मोजायचा पेला बाबांच्या ताब्यात होता.

एकदा आमच्या चर्चच्या मंडळीतली एक बाई भेटायला आली. प्रार्थना उरकून म्हणाली, "प्रभूनं वधस्तंभावर सगळं मुकाट सोसलं. तुम्हीपण सोसा, सारखं पाणी पाणी करू नका." माझं डोकंच फिरलं! हिला एक दिवस कोरडी ठेवा, मग बघू. आई मात्र त्या दिवसापासून पाणी मागेनाशीच झाली. मागणं म्हणजे आपला विश्वास कमी, असं तिनं मनाला लावून घेतलं. तिचं मागणं ऐकवत नव्हतं, पण हे गप्प राहणं त्याहून वाईट होतं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या शेवटच्या सात उद्गारांवर आमच्यातले सात जण बोलतात. "मला तहान लागली आहे" हा तहानेचा उद्गार नेमका बाबांच्या वाट्याला आला. आदल्या संध्याकाळी ते आईच्या उशाशी बसून तयारी करत होते, "ही तहान पाण्याची नव्हती, आपल्या तारणाची होती..."

"काहीतरीच काय!" आई डोळे मिटूनच म्हणाली. "पाण्याचीच होती. एवढं रक्त गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?" मग म्हणाली, "म्हणजे त्यानंसुद्धा मागितलं की."

शेजारच्या चाची आईजवळ बसल्या म्हणून मलाही उपासनेला जाता आलं. बाबा उभे राहिले. "त्याला पाणी हवं होतं," ते म्हणाले. "देव असून त्यानं माणसांकडे पाणी मागितलं. आणि माझ्या घरी..." एवढंच बोलून ते खाली बसले.

घरी आलो तर आई वाट बघत होती. "अहो, पाणी द्या ना." इतक्या दिवसांनी तिनं मागितलं! मला रडूच आलं. बाबांनी पेला भरून आणला, तर तिनं हातानं अडवला. "तुमचा सकाळपासून निर्जळी उपास. आधी तुम्ही घ्या."

बाबांनी एक घोट घेतला आणि पेला तिच्या ओठांना लावला.

पावसाळ्याच्या आत आई गेली. शेवटपर्यंत ती हक्कानं पाणी मागत राहिली, आणि शेवटपर्यंत आम्ही ते मोजूनच दिलं.