चौथं अंडं

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून रोज पाच हजार पावलं चालायला सांगितलं, तिथून हे सगळं सुरू झालं. शाळेतून निवृत्त होऊन मी नगरहून गावी राहायला आलो होतो. आमचं गाव पाथर्डीच्या बाजूला, माळरानाचं. इथं माणसं शेळ्यांमागं चालतात, पाण्याला चालतात, एसटी चुकली तर फाट्यापर्यंत चालतात. पण नुसतं चालायचं म्हणून कुणी चालत नाही. मी पांढरे बूट घालून, पावलं मोजणारा मोबाईल हातात धरून निघालो की पारावरून हाक यायची, "गुरुजी, काय हारवलंय का?" पहिले आठ दिवस मी शुगरविषयी समजावून सांगितलं. नवव्या दिवसापासून "व्हय, हारवलंय," म्हणून पुढे जायला लागलो.

उन्हाळा संपत आला होता. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेली, त्यामुळं माझं जेवण थोरल्या भावाकडं. आणि त्या घरात तेव्हा एकच विषय होता, दादा यंदा ऊसतोडीला जाणार की नाही. दादा पासष्टीला टेकलाय. उठताना त्याचा उजवा गुडघा असा वाजतो की ऐकणाऱ्याला दुखावं. तरी दरवर्षी दसरा झाला की तो आणि वहिनी ट्रॅक्टरमध्ये बसून पाच महिने कारखान्याच्या फडावर जायचे. नवरा-बायको मिळून तिथं एक कोयता धरतात, म्हणजे दादा निघाला की वहिनी निघालीच, तिची कंबर काय म्हणते ते कुणी विचारत नाही.

मी शिकलो तो त्याच कोयत्यावर. दादा फडात असायचा तेव्हा मी बोर्डिंगमध्ये अभ्यास करायचो. म्हणूनच 'आता जाऊ नको' हे शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत. ज्यानं उसाचं पाचट तुडवून मला खुर्चीत बसवलं त्याला मी खुर्चीतून शहाणपण शिकवायचं, याची मला लाज वाटायची. बाकी सगळ्या जगाला मी शहाणपण शिकवतो, हे सोडा.

बुधवारी संध्याकाळी दादा भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाला, "मुकादम आयतवारी नावं लिव्हायला येनार हाय. आपल्या माळाच्या पट्टीत टिटवी बसलीय. त्या दिशी सकाळी जाऊन आंडी बघतो. चार आसली तर चार म्हयनं पाऊस. मग कापूस येतोय, तूर येतीय, मी काय जात न्हाई. कमी आसली तर नाव देतो."

आमच्याकडं हे जुनंच आहे. टिटवी उघड्या रानात अंडी घालते, आणि जितकी अंडी तितके महिने पाऊस असं मानतात. वडीलही मोजायचे. मी मात्र तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेला माणूस. पक्ष्याला पुढच्या चार महिन्यांचं काय कळणार, असं बोलायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनीनं माझ्या ताटात आमटी ओतली आणि असं काही बघितलं की मी मुकाट्यानं भाकरी मोडली. तिला चार अंडी हवी होती. इतकं साधं होतं ते.

गुरुवारी मी अंडी बघायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. चार हजार तीनशे पावलं झाली होती आणि वस्तीवरची कुत्री रस्त्यात आडवी बसली होती. उरलेली सातशे पावलं रानातून भरून काढू म्हणून मी बांध ओलांडला. नजर मोबाईलवर. एवढ्यात डोक्यावरून काहीतरी सप्पकन गेलं आणि कानात किंचाळलं. मी खाली वाकलो. ते वळून परत आलं. दोन टिटव्या होत्या. एक डोक्यावर झेप घेत होती, दुसरी जरा लांब एक पंख जमिनीवर घासत लंगडत चालली होती, जणू मीच तिला दगड मारलाय. मला काही कळेना. लंगडीकडं बघावं तर दुसरी टाळूवर येते. मी रुमाल फिरवला, "अगं हो, हो, जातो," असं चक्क पक्ष्याशी बोललो, आणि मागं सरकलो.

बुटाखाली काहीतरी फुटलं.

खाली बघितलं तर पांढऱ्या बुटावर पिवळा बलक. शेजारी बारक्या खड्यांच्या आणि लेंड्यांच्या गोल आळ्यात तीन अंडी, मातकट, काळ्या डागांची. समोर असूनही दिसू नयेत अशी. मोबाईल म्हणाला, चार हजार आठशे बारा.

मी बूट गवताला पुसत घरी आलो आणि तेव्हापासून माझ्या डोक्याचं जे भजं झालं ते काही केल्या निवेना. तीन शाबूत आणि एक फुटलेलं, म्हणजे घातलेली चार. पण दादाला दिसणार तीन. मग पाऊस किती महिने? आणि पाऊस अंड्यावर नसतोच, तर मी हा विचार का करतोय? पण दादा तर अंड्यावरच ठरवणार आहे, मग पावसाचं जाऊ द्या, दादाचं काय? जाऊन सांगावं की एक माझ्या पायाखाली गेलं? तो म्हणेल अपशकुन झाला. किंवा म्हणेल ठीक आहे, चार. आणि चार म्हणून थांबला आणि पाऊस नाही पडला तर? हा प्रश्न आला की मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचो.

शेवटी शुक्रवारी वहिनीला आडून विचारलं. "समजा टिटवीची चार अंडी होती आणि एक मुंगसानं नेलं. मग पाऊस किती?"

वहिनी लसूण सोलत होती. "जेवढी हायेत तेवढा. गेलेल्याचा कसला आलाय पाऊस?" मग हात थांबवून म्हणाली, "पर तिनं घातली तर चारच की वो." जरा वेळानं माझ्याकडं बघून म्हणाली, "भावजी, तुमी कशापायी इचारताय?"

मी पावलं भरायची आहेत म्हणून बाहेर पडलो.

शनिवारी संध्याकाळी मी जे केलं ते माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं केलं असतं तर त्याला वर्गाबाहेर उभा केला असता. ओढ्यात जाऊन अंड्याच्या मापाचा एक दगड शोधला. पहिला फार गोल निघाला, दुसरा फार पांढरा. तिसरा एका टोकाला निमुळता, रंगानं मातकट, अगदी हवा तसा. त्यावर वहीवर नावं घालायच्या काळ्या मार्करनं डाग काढले. मग डोक्याला टॉवेल गुंडाळून, दोन्ही टिटव्यांच्या शिव्या खात, तो आळ्यातल्या मोकळ्या जागी ठेवला आणि बांधाआड जाऊन बसलो. थोड्या वेळानं टिटवी तुरुतुरु आली. उभी राहिली, मान वाकडी करून बघितलं, आणि चारही पोटाखाली घेऊन बसली. तिला फरक कळला नाही की कळूनही चाललं, हे मला अजून माहीत नाही.

रविवारी सकाळी दादा माळावरून परतला. पाय धुतले. "चार हायेत," एवढंच म्हणाला. मुकादम आला तेव्हा त्यानं त्याला बसवलं, चहा पाजला, आणि यंदा आमचं नाव नको म्हणून सांगितलं. वहिनीनं मुकादमाच्या चहात इतकी साखर घातली होती की तो माणूस तोंड वेडंवाकडं करत प्याला. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. दोन्ही एकदमच.

मी रोज तिकडून चालत जायला लागलो. पावलं आपोआप भरायची. महिनाभरानं एका सकाळी आळ्यात नुसती टरफलं होती आणि पिल्लं बांधाकडं तुरतुरत होती, तीन. दगड तिथंच. उचलावा म्हटलं, पण दादा पलीकडं कुळवाची पाळी घालत होता, म्हणून राहिलं.

पाऊस कसा झाला म्हणाल, तर मला सांगता येत नाही. जून बरा गेला, जुलै चांगला गेला. ऑगस्टमध्ये पिकं माना टाकायला लागली, शेवटी दोन सरी आल्या. म्हणजे धरायचे तर तीन महिने. आणि सप्टेंबरमध्ये आभाळ असं फाटलं की ओढा पात्र सोडून आमच्या रानात शिरला. खालच्या अंगाचा सगळा कापूस आडवा झाला, तूर कुजली. चौथा महिना आला होता, पण असला महिना कुणी मागितला होता? हा पाऊस फुटलेल्या अंड्याचा की माझ्या दगडाचा, असलं काहीबाही माझ्या डोक्यात यायला लागलं. विज्ञानाच्या मास्तराच्या डोक्यात. माझी मलाच शरम वाटली.

दसरा झाला. तोडीचे ट्रॅक्टर भांडीकुंडी, शेरडं, पोरं घेऊन फाट्यावरून गेले. दादा रस्त्याच्या कडेला उभा राहून एकेकाला हात करत होता. वाटलं, माझ्या थापेपायी हा इथं चिखलात राहिला. याला फसवून मी याचं साल बुडवलं. मला ते सहन होईना.

दुसऱ्या दिवशी मी माळाच्या पट्टीत गेलो. तिथला वरच्या अंगाचा कापूस वाचला होता. वहिनी पलीकडच्या टोकाला वेचत होती, दादा अलीकडं, कमरेला ओटी बांधून.

"दादा, ते चौथं अंडं मी ठेवलं होतं," मी म्हणालो.

"म्हायतीय," तो म्हणाला. वेचायचा थांबला नाही.

"माहितीय?"

"तीन हलकी हुती, एक जड. आन तुझ्या पेनाचा रंग माझ्या बोटाला लागला. जलम गेला माझा या रानात, आंडं कोंचं आन दगूड कोंचा कळंना व्हय मला?"

मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. "मग मुकादमाला नाही का म्हणालास? हे बघ काय झालं रानाचं."

"फडात गेलो आसतो तरी पान्यानं रान सोडलं आसतं का?" त्यानं दोन बोंडं ओटीत टाकली. मग कंबर सरळ केली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "चाळीस वरसं झाली मी जातोय. तू कधी जा म्हनाला न्हाईस, कधी नगं म्हनाला न्हाईस. मला वाटायचं, मी गेलो काय आन ऱ्हायलो काय, तुला त्याचं काय न्हाई. त्या दिशी तो दगूड बघितला आन म्हनलं, बास झालं आता."

एवढं बोलून तो पुन्हा वाकला. गुडघा वाजला.

मला सांगायचं होतं की ते तसं नव्हतं. लाज वाटायची म्हणून बोललो नाही, हे सांगायचं होतं. पण चाळीस वर्षांचं एकदम कुठून धरून सांगायचं ते सुचेना. वर टिटवी ओरडत गेली. मी मोबाईल बंद केला, बूट काढून बांधावर ठेवले आणि त्याच्या शेजारच्या सरीत वेचायला लागलो.

"बोंडाला काटं आस्त्यात," दादा म्हणाला, "बोटं संबाळ."