दुसऱ्या सर्व्हरचा झेंडू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, अगदी घरीसुद्धा नाही. आणि सांगताना अजूनही माझी छाती फुगते, हेच त्यातलं वाईट.

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो. उसाच्या गाडीचं वजन काट्यावरून थेट सर्व्हरवर जातं. तो बंद पडला की काटा बंद. रांग रस्त्यापर्यंत, ऊस उन्हात वाळतो, बैल ताटकळतात. म्हणून मी भांडून दुसरा सर्व्हर आणवला. पहिल्यावरची प्रत्येक नोंद त्याच्यावरही उतरायची. पहिला गप्प झाला की यानं आपणहून काम उचलायचं. पण पहिला पडेचना! खंडेनवमीला दोघांनाही झेंडूचे हार घातले, तेव्हा आमचे अध्यक्ष आबा सगळ्यांदेखत म्हणाले की हा दुसरा म्हणजे बसून खाणारा घरजावई. सगळे हसले. मीही हसलो — काय करणार?

मग ऐन हंगामात, भर दुपारी, आबा काट्यावर आलेले असताना पहिला सर्व्हर पडला. खोलीत मी एकटाच होतो. कसा पडला — सांगतो, आधी पुढचं ऐका.

काट्यावरचा स्क्रीन क्षणभर थबकला आणि पुढच्या गाडीचं वजन उमटलं! एक नोंद हरवली नाही, एक गाडी अडली नाही. मी धावत बाहेर गेलो, म्हटलं, पहिला बंद आहे, तरी काटा चालू आहे, बघा. आबांनी स्वतःचं उपरणं माझ्या गळ्यात घातलं. काय दिवस होता तो! मी जिंकलो होतो — आणि खोटं कशाला बोलू, यंत्रणा खरोखरच चोख होती.

फक्त, पहिला का पडला, हे कुणीतरी विचारणारच होतं ना? पहिल्या सर्व्हरची वायर विजेच्या बोर्डातून निसटून लोंबत होती. ती बसवलेली आमच्या इलेक्ट्रिशियन तात्यांनी. आबा त्यांना चारचौघांत नको ते बोलले. तात्या माझ्याकडे वळले.

"सायेब, वायर माझ्या हातची हाय. आपसूक निसटायची न्हाय. तुमी तरी सांगा."

उपरणं माझ्या गळ्यात होतं. मी म्हणालो, "होतं तात्या, असं कधी कधी."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तात्या रोज सकाळी येऊन ती वायर दाबून बघायचे. घट्ट आहे ना, असं मलाच विचारायचे. मी मान हलवायचो.

काटा आजही थांबत नाही. दर खंडेनवमीला दुसऱ्या सर्व्हरला मोठा हार असतो, तो मीच घालतो.

वायर मी ओढली होती.