शेळके मॅडमची माणसं

लग्नाच्या हॉलमध्ये सगळे नवरा-नवरीकडे बघत असताना शेळके मॅडम वर बघायच्या. छपराच्या कैच्या, म्हणजे पत्रे पेलणारे ते लोखंडी त्रिकोणी सांगाडे, कुठे जोडलेत, वजन कुठून कुठे उतरतंय, हे पाहून झाल्याशिवाय त्या जेवायला बसत नसत. जेवताना त्यांच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामीच असे.

मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा शहर बीड बायपासच्या पलीकडे पसरू लागलं होतं. आमच्या छोट्या ऑफिसात कारखान्यांच्या शेडची डिझाइनं होत. मॅडम देवगाव रंगारीकडच्या, मेंढपाळ घरातल्या. त्या घरातून शाळेत टिकलेल्या त्या एकट्याच. लग्न केलं नव्हतं. गारखेड्यात एक खोली, आणि ऑफिस. "वजनाला जमिनीत जायचंय. त्याला वाट करून द्यायची, एवढंच आपलं काम," असं म्हणत. मी उंच, बारीक खांब काढला की प्लास्टिकची पट्टी उभी धरून वरून दाबत. पट्टी चेंगरायची नाही, बाजूला वाकायची. "खांब असाच जातो. मधे धरा त्याला."

एका वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा त्यांचे भाऊ वडिलांना आणि मेंढरांना घेऊन चाऱ्यासाठी घाटाखाली उतरले होते. वडील तिकडेच वारले. मॅडमना कळलं तेव्हा दहावाही उरकला होता. मला हे सांगून त्या म्हणाल्या, "त्यांना वाटलं, मी कामात असंन." आणि समोरचं ड्रॉइंग ओढून घेतलं.

त्याच उन्हाळ्यात बिडकीनजवळच्या एका कारखान्याचे मालक आले. शेड आम्हीच डिझाइन केलेली. टँकरचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांना छपरावर पाण्याच्या मोठ्या टाक्या चढवायच्या होत्या. मॅडमनी हिशेब करून नकार दिला. ही कैची पत्र्याचं वजन आणि वारा एवढ्यासाठीच आहे, टाक्यांना शेजारी वेगळा मनोरा बांधा, ड्रॉइंग मी लगेच देते, असं सांगितलं. मालकांना थांबायचं नव्हतं. गिऱ्हाईक जुनं आहे म्हणून आमच्या साहेबांनीही गळ घातली. मॅडमनी सही केली नाही. मालकांनी दुसऱ्या कुणाची तरी सही आणली, टाक्या चढल्या, आणि मॅडमनी नोकरी सोडली.

मग त्या मला घेऊन बसने बिडकीनला गेल्या. मालक भेटले नाहीत. तिथले सुपरवायझर काझीभाई ओळखीचे होते. मॅडमनी त्यांच्याकडून खांबापासून खांबापर्यंत, कैचीच्या जरा खाली, एक दोरी ताणून बांधून घेतली.

"लोखंड वाकून सांगतं, काझीभाई. कैची दोरीला टेकली की माणसं बाहेर काढायची. मालकाला विचारत बसायचं नाय."

"जी मॅडम. रोज देखतूं मैं."

पावसाळ्याच्या तोंडावर, भर दुपारी, कैची दोरीला टेकली. काझीभाईंनी भोंगा वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं. माणसं मैदानात उभी असतानाच छप्पर मधोमध खचून खाली आलं. कुणाला खरचटलंही नाही.

ते सांगायला मी गारखेड्याला गेलो. मॅडम दाराची चौकट धरून ऐकत होत्या. सगळे निघाले ना, असं त्यांनी पुन्हापुन्हा विचारलं आणि उंबऱ्यावरच बसून रडल्या. नंतर मला जेवायला थांबवून घेतलं. दुसरं ताट शोधायला त्यांना बराच वेळ लागला.

साहेबांनी परत बोलावलं, पण त्या गेल्या नाहीत. घरूनच लहानसहान कामं करत राहिल्या. माझीही नोकरी बदलली. काही वर्षांनी एका सकाळी दूधवाल्याने मॅडमचं दार वाजवलं, ते उघडलं नाही.

गावाकडून धाकटा भाऊ आला. तिरडीला खांदा द्यायला तो, मी आणि काझीभाई होतो. चौथा माणूस समोरच्या नव्या इमारतीच्या बांधकामावरून बोलावून आणला. त्याने मॅडमना कधी पाहिलंही नव्हतं.

चिता पेटल्यावर भाऊ माझ्याजवळ येऊन उभा राहिला. ताई आजारी होती का, असं त्याने विचारलं. मला माहीत नव्हतं.

"आमाला वाटायचं, शहरात लई माणसं हायत तिची," तो म्हणाला.

"आम्हाला वाटायचं, गावाकडे आहेत."

त्याने मान हलवली. डोक्याचा पटका सोडून त्याने तोंड पुसलं, आणि आम्ही दोघं आगीकडे बघत उभे राहिलो.