एकट्याचं टेबल

मधुकरराव ताट ठेवण्याआधी विचारतात, "कोन्या वार्डात?" पोळी हवी की भाकर, हे त्यानंतर.

सावंगीला दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं भोजनालय आहे. दारावर पाटी आहे, पण तिच्यावरचं नाव कोणी घेत नाही. सगळे 'बाकावाला' म्हणतात. आत लांबलचक लाकडी टेबलं आणि त्यांच्या दोन्ही अंगांना बाकं. जागा दिसेल तिथं बसायचं. पेशंटसोबत आलेली गावोगावची माणसं इथं मांडीला मांडी लावून जेवतात. एकानं वार्ड सांगितला की शेजारचा मान वर करतो, समोरचा म्हणतो, "माह्या भावाचंबी असंच झालतं, आता मस्त बैलबंडी हाकून राह्यला." ते ऐकून अडलेला घास खाली उतरताना मधुकररावांनी पुष्कळदा पाहिलं होतं. माणसाला बोलतं केलं की तो जेवतो, हा त्यांचा धर्मच होऊन बसला होता.

आणखी एक गोष्ट ते धरून चालत. रोज येणारं माणूस एक दिवस दिसेनासं होई. चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या पत्नी कौशल्याबाई विचारत, "ते चष्मेवाले भाऊ आले नाई जी?" मधुकरराव वरणाची बादली खाली ठेवून म्हणत, "सुट्टी झाली असन." विषय तिथं संपे. इतक्या वर्षांत त्यांनी असे कितीतरी पेशंट बरे करून घरी पाठवले होते.

दिवाळीला मुलगी आली आणि हे सगळं डगमगलं. हर्षानं नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट केलं, मग पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात नोकरी धरली. बापाचे गुडघे आता बादली घेऊन फिरायला नकार देत होते, हे तिनं येताक्षणी पाहिलं. दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र सगळं एकदमच बोलली.

"बाबा, मी राह्यतो इथं. भोजनालय मी चालवतो. पण हे बाकं काढाचे. छोटे टेबल, चांगल्या खुर्च्या, एसी. मेडिकलचे पोरं येतीन, डॉक्टर येतीन, फॅमिल्या येतीन."

"आन नाई काढले त?"

"त मी चालली पुण्याले. जन्मभर पंगत वाढाची नाई मले."

"बाप-लेक भांडा तुमी," कौशल्याबाई म्हणाल्या, "इकडं माही भाकर करपून राह्यली."

मधुकररावांना त्यातला पेच बरोबर कळला. बाकं राहिली तर पोरगी जाणार, आणि पोरगी गेली तर हे गुडघे आणखी एखादा उन्हाळा ओढतील, मग कुलूपच. कुलूप लावायचं त्यांच्या जिवावर येत होतं. आणि बाकं काढायची म्हटलं की त्यांना वाटे, मग उरलं काय? वरण-भात काय, कुठंही मिळतो.

हर्षा म्हणाली, "तुमी दुसऱ्यायचे हॉटेल पाह्यलेच नाई."

"मी काऊन पाहू? माह्या घरी जेवन होते."

"म्हनूनच चला."

पहिल्यांदा ती त्यांना चौकातल्या चायनीजच्या गाडीवर घेऊन गेली. कढईतून जाळ उसळत होता, मंचुरियनचा लाल रस्सा प्लेटीच्या काठावरून ओघळत होता. मेडिकलची पोरं गाड्यांना टेकून उभ्यानंच खात होती, आणि खाता खाता कालच्या ऑपरेशनमधली आतडी एकमेकांना हातवारे करून समजावून सांगत होती. मधुकररावांना गाडी आवडली. "हे आपल्यासारखंच हाये," ते म्हणाले. "फक्त बसाले देत नाई."

मग वर्ध्याचं एसीवालं फॅमिली रेस्टॉरंट. पनीर, नान, जिरा राइस. तिथल्या सोफ्यांच्या पाठी इतक्या उंच की पलीकडे कोण बसलंय ते कळू नये. पलीकडून लहान मुलाचं रडणं आलं, त्याला गप्प करणारी थाप आली, चेहरा कोणाचाच दिसला नाही. मधुकरराव जेवले. बाहेर आल्यावर म्हणाले, "भाजी बरी होती. पन मी कोनाच्या घरी जेवलो ते नाई समजलं."

शेवटी नागपूर रोडवरचं नवं एशियन रेस्टॉरंट. नाव कुठल्यातरी परदेशी फुलाचं. ते त्यांच्या जिभेवर काही बसलं नाही. आत मंद पिवळा उजेड, कोपऱ्यांत बांबू, पाण्याचा बारीक आवाज. हर्षानं मेनूतलं एकेक समजावून सांगितलं, हे थायलंडचं, हे जपानचं, हे कोरियाचं. सूप आलं. मधुकररावांनी चमच्यानं ढवळून पाहिलं.

"हा त गवती चहा हाये."

"हो बाबा."

"सर्दी झाली की तुही माय देते तो."

"इथं सर्दी न होता देतात," हर्षा म्हणाली, आणि दोघंही हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

पण हसताना मधुकररावांची नजर खोलीभर फिरतच होती. त्यांनी या फेरीत एक हिशेब मनातल्या मनात मांडला होता: हॉटेल जितकं भारी, तितकं दोन टेबलांमधलं अंतर जास्त. गाडीवर माणसाला माणूस टेकून, इथं मधून बैलबंडी जाईल एवढी वाट. आणि त्या वाटेपलीकडे, खिडकीशी, एक माणूस एकटाच बसला होता. पांढरा सदरा, पायजमा, पायात धुळीच्या चपला. पुढ्यात सूप आणि साधा भात. भात तो बोटांनी चिवडत होता.

मधुकररावांना राहवेना. "हर्षा, पाहा बरं. एकटा जेवून राह्यला मानूस."

"जेवू द्या. इथं असंच असते."

"असं कसं असते?"

आणि ते उठलेच. हर्षानं बाही धरली, तोवर ते पोचलेसुद्धा. स्वतःची भाताची वाटी सोबत घेऊन, समोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "नमस्कार जी. कोन्या वार्डात?"

माणसानं वर पाहिलं. राग आला नाही त्याला. फार दमलेला होता.

"मधुकरराव," तो म्हणाला. "इथंबी आले का तुमी?"

तेव्हा ओळख पटली. रोहण्याचे प्रभाकरराव. बायकोला दवाखान्यात घेऊन आले होते. बाकाच्या टोकाशी बसायचे, ठेचा मागून घ्यायचे. मधे कधीतरी दिसेनासे झाले.

"मले वाटलं, सुट्टी झाली," मधुकरराव म्हणाले.

"आयसीयूत हाये बायको. तवापासून."

मधुकररावांनी हातातली वाटी टेबलावर ठेवली.

"तुमचं जेवन चांगलं हाये," प्रभाकरराव सावकाश बोलू लागले. "वाईट नका मानू. पन बाकावर बसलं की तुमी इच्यारता. मंग बाजूचा इच्यारते, समोरचा इच्यारते. दर जेवनाले पयल्यापासून सांगावं लागे. एक म्हने देवाचं पाहा, दुसरा म्हने नागपूरले न्या, तिसऱ्याची मावशी याच्यातच गेलती. आन सांगता सांगता मलेच वाटे का आपलीबी गेलीच आता." त्यांनी भाताचं एक शीत ताटाच्या कडेला सरकवलं. "इथलं जेवन बेकार हाये. या सुपात काड्या सापडतात. पन इथला पोरगा ताट ठेवते आन निंगून जाते. काई इच्यारत नाई. तेवढ्यासाठी येतो."

पाण्याचा आवाज चालू होता. मधुकररावांकडे बोलायला जी वाक्यं तयार होती ती सगळी बाकावरची होती. ते वाटी घेऊन उठले. खुर्ची होती तशी आत सरकवली आणि आपल्या टेबलावर येऊन बसले.

"काय म्हनलं त्यायनं?" हर्षानं विचारलं.

"जेवू दे त्याले."

घरी येईपर्यंत गाडीवर मुलीच्या मागे बसून ते एकेकाला आठवत होते. चष्मेवाले भाऊ, पुलगावची ती म्हातारी, लेकराला खांद्यावर घेऊन यायचा तो पोरगा. सगळ्यांना त्यांनी सुट्टी दिली होती. त्यांतले किती घरी गेले, किती नाही, आणि किती नुसते त्यांच्या प्रश्नाला भिऊन दुसऱ्या रस्त्यानं गेले? बाकावर ज्यांचा घास उतरला ते त्यांना दिसले होते. ज्यांचा अडला ते उठून गेले होते, आणि उठून गेलेला माणूस दिसत नाही.

सकाळी हर्षा बॅग भरत होती. भरत होती म्हणजे भरून पुन्हा काढत होती.

"खिडकीकडचे बाकं काढ," मधुकरराव दारातून म्हणाले. "तिथं एकेका मानसाचे टेबल टाक. एकच खुर्ची. भिंतीकडं तोंड केलं तरी चालते."

"आन बाकीचे?"

"बाकीचे राहू दे. ज्याले बोलाचं त्यानं कुठं जावं?"

हर्षानं हातातला ड्रेस खाली ठेवला. तिच्या मनातलं हॉटेल हे नव्हतं. "एसी?"

"लाव. पन खिडकीकडं तू वाढजो. मी नाई येनार तिकडं. माहं तोंड राह्यत नाई."

"ते त साऱ्या सावंगीले माहीत हाये," कौशल्याबाई आतून म्हणाल्या.

हर्षानं बॅग कॉटखाली ढकलली.

हर्षानं एशियन रेस्टॉरंटात जाऊन प्रभाकररावांना एकट्याच्या टेबलांचं सांगितलं होतं. टेबलं आली त्या आठवड्यात ते एकदा आले. खिडकीशी बसले. हर्षानं ताट ठेवलं आणि ती निघून गेली. मधुकरराव गल्ल्यावर खिडकीकडे पाठ करून बसले होते. भाकर मोडल्याचा आवाज त्यांना ऐकू आला, मग ठेचा मागितल्याचा आवाज. जाताना प्रभाकररावांनी दारातून हात वर केला. मधुकररावांनीही केला. तेवढंच.

त्यानंतर ते आले नाहीत.

"रोहन्याचे काका दिसले नाई बाबा," एका दुपारी हर्षा म्हणाली.

मधुकररावांनी तिच्याकडे पाहिलं. "मले नाई माहीत," ते म्हणाले.

मधल्या टेबलावर देवळीच्या दोन बाया नव्यानं येऊन बसल्या होत्या. त्यांना अजून कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांतल्या एकीनं आपणहून शेजारच्या माणसाला सांगायला सुरुवात केली, आणि त्यानं जेवणाचा हात थांबवून तिच्याकडे तोंड वळवलं. मधुकरराव गुडघ्यावर हात रेटून उठले, बादली घेतली आणि तिच्या भातावर वरण वाढलं.