नाथाचं नाक आणि खवट पाणी

तेल जुनं झालं की त्याला घसा धरणारा वास येतो, तो खवट. १८८५ च्या सुमारास शहाडला लग्नघरचं तेल खवट की चांगलं, हे ठरवायचा मान एकट्या नाथाचा. त्याने हुंगल्याशिवाय तेल कढईत पडत नसे.

मेव्हणीच्या हळदीलाच त्याचं नाक सर्दीने बंद झालं. मान जाऊ नये म्हणून त्याने पहिलं मडकं हुंगून ठणकावलं, "खवट!" दुसरं हुंगलं. "हेही खवट!"

बायको सगुणा कुजबुजली, "अवो, दुसऱ्यात पानी हाय."

"मंग पानीच खवट!" नाथा ओरडला.

नाथाचा शब्द मोडायची रीत नव्हती. तेल बदललं, पाणीही ओतून दिलं. मान राहिला, नदीवरून पाण्याच्या खेपा मात्र सगुणाने नाथालाच घालायला लावल्या.