मिश्रीवर ढकललेला धूर

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. मुलाला नाही, भावाला नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही — म्हणून जीभ रेटतेय एवढंच.

वालचंदनगरला फिटर होतो. क्वार्टर दोन खोल्यांचं, बाहेरच्या खोलीत आबा, माझे वडील. त्यांच्यासमोर सिगारेट? छे, मेलो असतो तरी ओढली नसती. त्यांचा मान राखायचा म्हणून आतल्या खोलीत ओढायचो — खिडकी लावून, दाराच्या फटीत टॉवेल कोंबून. आणि आत कोण असायचं? शालन, माझी बायको. ती कुठं जाणार होती? पुढं आबा गेले, तरी दार लावायची सवय तशीच राहिली; मुलालाही कधी कळू दिलं नाही.

बारामतीच्या डॉक्टरांनी तिच्या फुप्फुसातली गाठ दाखवली, समजावूनही सांगितलं. धुरातलं विष आत आलं की फुप्फुस ते धुऊन काढायला बघतं म्हणे. त्यासाठी त्याचं रूप बदलायला घेतं — आणि त्या अर्ध्यामुर्ध्या बदललेल्या रूपातच ते पेशींना जाऊन चिकटतं. मग त्यांनी विचारलं, घरात कुणी ओढतं का?

मुलगा आणि सून शेजारीच उभे होते. आणि मी — मी काय बोललो असेन?

"न्हाय डॉक्टर. पण हिला मिश्री हाय. तव्यावर भाजती, त्याचा धूर व्हतो."

बोललो. माझा धूर इतकी वर्षं जिनं गिळला, तिच्याच अंगावर ढकलला. शालननं माझ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "व्हय, भाजते मी."

ऑपरेशन झालं, ती वाचली. आता जळोचीला मुलाकडं असतो आम्ही. मेथी निवडता निवडता ती गुणगुणते, दम लागला की जरा थांबते, परत सुरू. ते ऐकून मला भरून येतं. डॉक्टरांचे उपकार मानू, देवाचे, की तिचे? मी सिगारेट त्याच दिवशी सोडली. तिनं मिश्रीचा डबा सुनेच्या हातात दिला. आजवर एक टोमणा नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं — असं म्हणायचंही माझं तोंड नाही.

परवा भवानीनगरची मेहुणी आली होती. सून तिला शालनबद्दल सांगत होती, आत्यांनी मिश्रीपायी जीव घालवला असता बघा. शालन नुसती हसली. मेहुणी माझ्याकडं वळली, "व्हय का हो दाजी?"

मी म्हणालो, "व्हय."